पहारेकऱ्याची हजेरी



रात्रीं निजण्यापूर्वीं आपण दाराला कडी घालतों, ती चोराच्या भयानें. परंतु चोराहूनही गुपचूप येणारा एक शत्रु आहे, आणि कडी-कुलपाची त्याला मुळींच अडचण होत नाहीं. कारण तो बाहेरून येत नाहीं, घरांतच जन्म घेतो. तो शत्रु म्हणजे अग्नि. सुदैवानें हा शत्रु आपल्यापुढें एक दूत पाठवितो. आपल्या नैयायिकांनीं अनुमानाचा पहिला धडा देतांना याच दूताचें उदाहरण घेतलें आहे : पर्वतावर धूर दिसला, तर तेथें अग्नि असलाच पाहिजे. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या हें उदाहरण घोकीत आल्या. पण त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती ही कीं, अनुमान करणारा मनुष्य जागा आहे. निजलेल्याला धूर दिसत नाहीं, हें उघडच आहे. परंतु धुराच्या वासानें तरी जाग येईल, हा जो आपला भरंवसा, तोही पोकळ आहे. अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनीं निजलेल्या माणसांच्या नाकाशीं तीव्र वास नेऊन पाहिले, व आपले निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध केले. गाढ झोंपेंत त्या वासांनीं कोणी जागें झालें नाहीं. आवाजानें मात्र तींच माणसें जागीं झालीं. निद्रेंत नाक निजतें, कान तेवढा अर्धवट जागा राहतो.

म्हणून निजलेल्या माणसाच्या वतीनें अनुमान करणारा, आणि तें अनुमान त्याच्या कानांत ओरडून सांगणारा असा एक यांत्रिक पहारेकरी मनुष्यानें निर्माण केला. आज मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत छतावर जी पांढरी, वाटोळी डबी दिसते, तीच ही. धूर ओळखणारीला ‘स्मोक अलार्म’ म्हणतात, उष्णता ओळखणारीला ‘हीट अलार्म’. या पहारेकऱ्याचा इतिहास आज मी सांगणार आहें. पण तो केवळ शोधांचा इतिहास म्हणून नव्हे. हा इतिहास मुख्यतः परीक्षांचा आहे, आणि त्या परीक्षांतील शेवटचा, अगदीं सोपा पाठ आपणां प्रत्येकाच्या घरीं व्हावयाचा असतो. तो बहुतेक घरीं होत नाहीं, आणि जेथें होतो तेथें कित्येकदां भलत्याच रीतीनें होतो.

प्रारंभ उष्णतेपासून झाला. १८५२ सालीं बोस्टन शहरांत तारायंत्रावर चालणारी आगीची सूचना-पद्धति सुरू झाली. परंतु तींत आग प्रथम कोणी तरी डोळ्यांनीं पाहावी व रस्त्यावरच्या पेटीकडे धांवत जावें, हें आवश्यकच होतें. मनुष्याच्या मध्यस्थीवांचून सूचना देणाऱ्या यंत्राचें पेटंट १८९० सालीं अमेरिकेंत फ्रान्सिस अप्टन व फर्नांडो डिबल यांना मिळालें. हे अप्टन म्हणजे एडिसनचे गणितज्ञ सहकारी. पुढें १९०२ सालीं इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथें जॉर्ज डार्बी यांनीं विजेवर चालणाऱ्या उष्णतासूचकाचें पेटंट घेतलें. अशा यंत्रांमागील तत्त्व अगदीं साधें आहे. दोन निराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींस जोडल्या, तर तापल्यावर एक अधिक प्रसरण पावते, दुसरी कमी. त्यामुळें जोडपट्टी वांकते आणि विजेचा मार्ग जोडते किंवा तोडते. किंवा लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा एक तुकडा मार्गांत ठेवावयाचा. तो वितळला कीं घंटा वाजते. आजचे घरगुती उष्णतासूचक बहुधा सत्तावन्न-अठ्ठावन्न अंश सेल्सिअसला जागे होतात. कांहीं जाती अशा आहेत कीं, त्या उष्णता किती आहे हें पाहत नाहींत, ती किती झपाट्यानें वाढते आहे हें पाहतात.

हा पहारेकरी प्रामाणिक खरा, पण सुस्त. गादीच्या कोपऱ्यांत धुमसणारी ठिणगी तासन् तास धूर ओकते, आणि छताजवळची हवा मात्र फारशी तापत नाहीं. उष्णतासूचकाला पत्ता लागेपर्यंत खोलीचा श्वास कोंडून गेलेला असतो. आगींत माणसें ज्वाळांनीं मरतात अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्यांतील फार मोठी संख्या विषारी धुरानें मरते.

धूर ओळखण्याची युक्ति मात्र आगीचा विचार करतांना सुचली नाहीं. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस वाल्टर येगर नांवाचे स्विस शास्त्रज्ञ युद्धांतील विषारी वायु ओळखणारें उपकरण तयार करण्याच्या खटपटींत होते. दोन धातुपट्टिकांमधील हवेवर किरणोत्सर्गी पदार्थाचा मारा केला, म्हणजे त्या हवेंतून अति सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहूं लागतो. विषारी वायु शिरतांच हा प्रवाह बदलेल, अशी त्यांची अपेक्षा. वायु सोडला, कांटा ढळला नाहीं. निराश होऊन त्यांनीं सिगरेट पेटविली, आणि कांटा झपकन् खालीं आला, अशी हकीकत सांगतात. धुराचे कण हवेंतील विद्युत्भारित कणांना चिकटून त्यांची गति मंद करीत होते. वायूचा हेर हातीं लागला नाहीं. धुराचा हेर आपण होऊन दारीं आला. पुढें अर्न्स्ट माइली यांनीं या अति क्षीण खुणेला घंटा वाजविण्याचें बळ देणारी विद्युत्-रचना सिद्ध केली, आणि १९४१ सालीं स्वित्झर्लंडमधील बाड रागात्झ येथें या उभयतांच्या कामांतून एक संस्था उभी राहिली. तिचें नांव ‘सेर्बेरुस’; ग्रीक पुराणांत पाताळाच्या दारावर बसणाऱ्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचें हें नांव आहे. पहारेकऱ्याला शोभेल असेंच म्हणावें लागेल.

या प्रारंभींच्या यंत्रांत रेडियम वापरीत. तें महाग, आणि घराघरांत ठेवण्यास गैरसोयीचें. त्याची जागा ज्या मूलद्रव्यानें घेतली, त्याच्या जन्माची वार्ता जगाला रेडिओवरूनच कळली, हें आपणां रेडिओ ऐकणाऱ्यांना ऐकून मौज वाटेल. ११ नोव्हेंबर १९४५ रोजीं अमेरिकेंत मुलांच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमांत ग्लेन सीबोर्ग हे रसायनशास्त्रज्ञ पाहुणे होते. एका मुलानें सहज विचारलें कीं, आणखी कांहीं नवीं मूलद्रव्यें सांपडलीं आहेत काय ? विद्वानांच्या सभेंत ही गोष्ट पांच दिवसांनीं जाहीर व्हावयाची होती. परंतु सीबोर्ग यांनीं मुलाला खरें उत्तर देऊन टाकलें : होय, पंचाण्णवावें आणि शहाण्णवावें. यांतील पंचाण्णवावें तेंच अमेरिशियम. धूरसूचकांत त्याचा अत्यल्प अंश असतो. त्याचा किरणोत्सर्ग निम्म्यावर येण्यास चारशें बत्तीस वर्षें लागतात, आणि त्यांतून निघणारे आल्फा कण कागदाच्या एका कपट्यानेंही अडतात. तरीही अशी डबी फोडून आंत काय आहे हें पाहण्याचा मोह कोणीही धरूं नये.

धुराचा दुसरा हेर प्रकाशाचा आहे. सकाळीं झरोक्यांतून कवडसा पडला, म्हणजे एरव्हीं न दिसणारे धूलिकण त्यांत नाचतांना दिसतात. आपल्या शास्त्रकारांनीं त्यांना त्रसरेणु म्हटलें आहे. डबींतील काळोखांत प्रकाशाचा एक किरण सोडलेला असतो, आणि त्याच्या वाटेपासून बाजूला प्रकाश ओळखणारा एक यांत्रिक डोळा बसविलेला असतो. हवा स्वच्छ असतां त्या डोळ्याला कांहींच दिसत नाहीं. धूर शिरला कीं किरण विखुरतो व डोळ्याला उजेड दिसतो. कवडसा तोच, त्रसरेणु तेच. पाहणारा मात्र कधीं निजत नाहीं. धुमसणाऱ्या आगीचे मोठे कण या प्रकाशाच्या यंत्राला लवकर कळतात, भडकलेल्या आगीचे सूक्ष्म कण पहिल्या यंत्राला लवकर कळतात. आज अनेक देशांत घरांसाठीं प्रकाशाच्या यंत्रालाच अधिक पसंती आहे.

आतां प्रश्न असा उरला कीं, घरांत भरंवसा ठेवावा कोणावर, उष्णतासूचकावर कीं धूरसूचकावर ? या प्रश्नाचा निकाल तर्कानें लागला नाहीं. तो परीक्षेनें लागला, आणि त्या परीक्षेमागें दुःख उभें होतें. १ डिसेंबर १९५८ रोजीं शिकागोमधील ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या शाळेला आग लागली, आणि ब्याण्णव मुलें व तीन शिक्षिका-जोगिणी मृत्यु पावल्या. ज्यानें आयुष्यभर वर्गांतील मुलांच्या हजेऱ्या घेतल्या आहेत, त्याला तो आंकडा स्थिर चित्तानें उच्चारतां येत नाहीं. पुढच्याच वर्षीं लॉस एंजेलिस शहराच्या अग्निशामक दलानें पाडावयास काढलेली एक शाळा घेतली, तींत मुद्दाम आगी लावल्या, आणि मोजमापें घेतलीं. असें दिसून आलें कीं, जिने व वाटा माणसाला अशक्य होतात त्या प्रथम धुरानें; असह्य उष्णता मागाहून येते. १९६२ सालीं कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळांतील दोघां अभ्यासकांनीं ऑन्टारियो प्रांतांत घरांच्या आगींत झालेल्या तीनशें बेचाळीस मृत्यूंची एकेक हकीकत तपासली, आणि यंत्र असतें तर कोण वांचला असता, याचा अंदाज बांधला. उष्णतासूचकानें वांचले असते शेंकडा आठ. धूरसूचकानें शेंकडा एक्केचाळीस.

याहून मोठी परीक्षा १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास झाली. इंडियाना संस्थानांत मिशिगन सरोवराच्या कांठीं वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश आहे. तेथें राखीव उद्यान करण्यासाठीं जीं घरें पाडावयाचीं होतीं, त्यांत संशोधकांनीं यंत्रें बसविलीं, आणि गाद्या, खुर्च्या, स्वयंपाकाचें तेल यांच्या खऱ्या आगी लावून पाहिल्या. दोन वर्षांत शाहत्तर प्रयोग झाले. निष्कर्ष स्पष्ट होता : उष्णतासूचक फार उशिरां बोलतो, घराच्या प्रत्येक मजल्यावर निदान एक धूरसूचक असला, तर बाहेर पडण्यास बहुधा वेळ मिळतो. पुढें तसेच प्रयोग पुनः झाले, आणि त्यांचा अहवाल २००४ सालीं आला. त्यांत आढळलें कीं, भडकणाऱ्या आगींत पूर्वीं सुटकेला सरासरी सतरा मिनिटें मिळत होतीं, तेथें आतां अवघीं तीन मिळतात. कारण कापूस व लांकूड यांच्या जागीं आपल्या घरांत फोम आणि कृत्रिम धागे आले. दिवाणखाना मऊ झाला, आणि घड्याळ वेगानें चालूं लागलें.

विक्रीला येणाऱ्या यंत्रांच्या परीक्षाही अशाच ठरीव रीतीनें होतात. युरोपीय मानकांतील एका परीक्षेंत सुमारें नव्वद सुती वाती टांगून, त्या पेटवून, ज्योत विझवितात आणि नुसत्या धुमसूं देतात. दुसरींत तापल्या तव्यासारख्या पत्र्यावर बीच वृक्षाच्या लांकडाचे तुकडे करपवितात. अमेरिकन मानकांत २०१५ सालीं जी सुधारणा झाली, तींत उलट परीक्षाही आली : हॅम्बर्गर भाजतांना होणाऱ्या धुरानें यंत्रानें उगीच ओरडतां कामा नये. हें सारें धुरांडीं, तराजू, घड्याळें यांनीं सज्ज अशा प्रयोगशाळेंत होतें, हें ध्यानांत ठेवावें. कारण याचा आपल्या घरच्या चाचणीशीं निकट संबंध आहे.

यंत्र घरोघर गेलें तें बॅटरीमुळें. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील डेन्व्हर येथें ड्वेन पिअर्सॉल व त्यांचे सहकारी दुसऱ्याच एका विजेच्या उपकरणावर काम करीत असतां, पुनः एका सिगरेटच्या धुरानें कांटा खालीं आला; त्यांतून बॅटरीवर चालणारा स्वस्त घरगुती स्मोक अलार्म निघाला. तारा नकोत, गवंडी नको. दोन खिळे ठोका आणि टांगा. पुढील दशकांत तो लक्षावधि घरांत पोंचला. परंतु ज्या बॅटरीनें त्याला घरांत आणलें, तीच त्याचें मर्मस्थान ठरली. आग लागूनही यंत्र वाजलें नाहीं, अशा प्रसंगांची चौकशी केली असतां सर्वांत नेहमींचें कारण हेंच निघतें कीं, बॅटरी संपलेली होती, किंवा घरच्या माणसांनींच ती काढून ठेविली होती.

ती कां काढतात, हें महाराष्ट्रीय गृहिणीला समजावून सांगावयास नको. परदेशीं मुलाकडे गेलेल्या आईनें तापल्या तेलांत मोहरी टाकली, मिरचीची फोडणी दिली, कीं छतावरील डबी किंचाळूं लागते. मग सुनेची धांवपळ, टॉवेलानें वारा घालणें, आणि अखेरीस बॅटरी काढून फडताळांत! दोष फोडणीचा नाहीं आणि यंत्राचाही नाहीं, जागेचा आहे. स्वयंपाकघर हें उष्णतासूचकाचें खरें स्थान. जेथें धूर हा रोजचाच आहे, तेथें धुराकडे दुर्लक्ष करून केवळ भलत्या उष्णतेलाच ओरडणारा सुस्त पहारेकरी हवा. धूरसूचकाची जागा निजण्याच्या खोलीजवळ व जाण्यायेण्याच्या वाटेंत. स्कॉटलंडमध्यें फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत नेमकी हीच वांटणी आहे : स्वयंपाकघरांत हीट अलार्म, बैठकीच्या खोलींत व प्रत्येक मजल्याच्या वाटेंत स्मोक अलार्म, आणि ते सर्व एकमेकांशीं असे जोडलेले कीं, एक वाजला तर सगळे वाजावे.

आतां घरच्या चाचणीकडे वळूं. शाळेंत हजेरी निराळी आणि परीक्षा निराळी. नांव पुकारल्यावर ‘हजर’ म्हणणारा मुलगा गणित सोडवीलच असें नाहीं. पण जो हजरच नाहीं, त्याच्याकडून कसलीच आशा नको. आपल्या पहारेकऱ्याची परीक्षा तज्ज्ञांनीं जळत्या घरांत घेतलेली आहे. आपण घ्यावयाची ती हजेरी. तिचेंच साधन म्हणून डबीवर एक बटण ठेविलेलें आहे. तें कांहीं सेकंद दाबून धरलें कीं, यंत्राला धूर आल्याचा विद्युत्-आभास होतो, व बॅटरी, अंतर्गत रचना आणि भोंगा हीं तिन्ही शाबूत असलीं तर तें ओरडतें. महिन्यांतून एकदां, दिवसाउजेडीं, घरांतील सर्वांना व भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना आधीं सांगून, हें करावें. घरांत तान्हें मूल किंवा हृदयविकाराचा रोगी असेल, तर त्याला आधीं दूर न्यावें. भोंग्याचा आवाज तीन मीटर अंतरावर सुमारें पंचाऐंशीं डेसिबल असतो. म्हणून स्टुलावर चढून, कान डबीला लावून बटण दाबूं नये. झाडूच्या लांब दांड्यानें खालूनच दाबावें. चढणें भागच असेल, तर शिडी भक्कम असावी व दुसऱ्यानें ती धरावी. चाचणीच्या पायीं पडून हाड मोडलें, तर त्यांत शहाणपण कसलें ?

हजेरीला एक मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. धूर आंत शिरण्याच्या फटी धुळीनें किंवा कोळिष्टकांनीं बुजल्या असल्या, तरी बटण दाबतांच यंत्र ओरडेलच. म्हणून अधूनमधून मऊ ब्रशानें बाहेरून धूळ झाडावी. घराला रंग देतांना डबीवर आवरण घातलें असेल, तर काम संपतांच तें काढावें. आणि डबीवर रंग तर कधींच देऊं नये. बारीक ‘टिक्’ असा आवाज थांबून थांबून येऊं लागला, तर तो त्रास नव्हे. बॅटरी बदलण्याची ती विनंति आहे. डबीच्या पाठीवर ती केव्हां तयार झाली याची तारीख असते. त्या तारखेपासून दहा वर्षें झालीं कीं, बटणाला उत्तर देत असली तरी डबी बदलावी. पहारेकऱ्यालाही पेन्शन असतें.

आणि काय करूं नये ? काडी ओढून, मेणबत्ती धरून, कागद जाळून किंवा उदबत्तीचा जुडगा पेटवून ‘खरी परीक्षा’ घेण्याची हौस अनेकांना असते. ती सोडून द्यावी. ज्योतीनें प्लॅस्टिक वितळतें, पडदा पेटतो. काजळीचा व तेलकट धुराचा थर आंत बसून यंत्र आंधळें होतें, किंवा त्यानंतर विनाकारण ओरडूं लागतें. शिवाय अशा परीक्षेंतून कांहीं सिद्धही होत नाहीं. कारण प्रयोगशाळेंत नव्वद वातींचा धूर मोजून दिलेला असतो, आपल्या उदबत्तीचा धूर किती व कसा, हें कोणीं मोजलें आहे? सेंट, केसांवर मारावयाचा फवारा, टाल्कम पावडर हींही वर्ज्य. फवारा ज्वालाग्राही असतो, व त्याचा चिकटा आंत राहतो. खऱ्या धुराची चाचणी हवीच असेल, तर त्यासाठीं डब्यांत भरलेला निराळा कृत्रिम धूर मिळतो. यंत्र करणाऱ्यांनीं ज्याला संमति दिली असेल तोच, त्यांनीं सांगितलेल्या अंतरावरून वापरावा. हीट अलार्मखालीं तर दिवा कधींच धरूं नये. वितळणाऱ्या धातूचें यंत्र असेल, तर तें एकदांच उपयोगी पडणारें आहे. चाचणींतच वितळलें, म्हणजे पहारा संपला.

मोठ्या इमारतींतील डब्या एका मध्यवर्ती पेटीला जोडलेल्या असतात. तेथें घरमालकानें आपल्या हातानें प्रयोग करूं नये. एका खोलींतील खेळानें सारी इमारत जिन्यांत उतरेल. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे विचारणा करावी, हा मात्र प्रत्येक रहिवाशाचा हक्क आहे. महाराष्ट्रांत २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानें अशा इमारतींच्या अग्निसुरक्षा-साधनांच्या सुस्थितीचा दाखला परवानाधारक संस्थेकडून दरवर्षीं जानेवारी व जुलै महिन्यांत घेऊन सादर करावयाचा असतो. तो दाखला केवळ कागद आहे कीं त्यामागें कोणीं खरोखर डब्या तपासल्या, एवढें विचारण्यास कसला संकोच ?

शेवटीं एक गोष्ट. यंत्राची हजेरी घेतांना माणसांचीही घ्यावी. लहान मुलें त्या कर्कश आवाजानेंही कित्येकदां जागीं होत नाहींत, हें प्रयोगांनीं दिसलें आहे; वृद्धांना उंच स्वर ऐकूंच येत नाहीं. म्हणून आजींना हात कोणीं द्यावयाचा, धाकट्याला कोणीं उचलावयाचें, लिफ्ट टाळून कोणत्या जिन्यानें उतरावयाचें, खालीं कोठें जमावयाचें, आणि बाहेर पडल्यावर एकशें एक या क्रमांकावर कोणीं कळवावयाचें, हें त्याच दिवशीं पांच मिनिटांत ठरवून टाकावें.

१४ एप्रिल हा दिवस आपल्या देशांत अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. १९४४ सालीं त्या दिवशीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर दुपारीं दोनच्या सुमारास धूर दिसला, आणि चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला. आग विझवितांना सहासष्ट जवान कामीं आले. धुरानें त्या दिवशीं दोन तासांची मुदत दिली होती. आपल्या झोंपेच्या खोलींत तो तीन मिनिटें देईल. तीं तीन मिनिटें आपल्या हातीं यावींत, म्हणून महिन्यांतून एकदां बटणावर एक बोट ठेवावयाचें आहे.